पोटातलं सिमेंट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे, प्लॅस्टिकची, खिडकीची. 'मित्रांनो' म्हणते ते केवळ रीत म्हणून. खिडकीशी मैत्री करणारं माणूस मी एकोणीस वर्षांत एकच पाहिलं. बाकीच्यांनी मला आपटलंच. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा धरू नका. ऐकायचं असेल तर नीट बसा.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरी भुकटी तापवून मऊ केली, साच्यातून तिच्या लांब पट्ट्या काढल्या आणि चार कोपऱ्यांवर वितळवून जोडल्या. आतून मी पोकळ, लहान लहान कप्प्यांची. त्या पोकळीमुळेच बाहेरची थंडी बाहेर राहते आणि आतली ऊब आत. देवाने कुणाला भरून मोठं केलं, मला रिकामं ठेवून मोठं केलं, असं मी मानत आले.

मला बसवायला एक फिटर आला. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. त्याची एक सवय होती. चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला तो पेन्सिलीने 'वर' असं लिही आणि शेजारी बाण काढी. 'र'ला हे एवढं लांब शेपूट. त्या दिवशी त्याचं ड्रिल घसरलं, खालच्या पट्टीतलं भोक भलतंच मोठं झालं आणि स्क्रू काही धरेना. नवी पट्टी आणायला पुन्हा कोण जाणार? त्याने माझ्या खालच्या कप्प्यात सिमेंट कोंबलं, वरून पांढरं टोपण दाबलं आणि घरातल्या बाईंना म्हणाला, "आता हत्ती लटकला तरी हलायची नाही."

"हत्ती कशाला लटकेल माझ्या खिडकीला?" बाई म्हणाल्या.

त्या शिक्षिका होत्या. दर रविवारी ओल्या फडक्याने माझे कोपरे पुसत आणि म्हणत, "हं, आता दिसलं जग." तेच माझं एकमेव मैत्र. त्या घर सोडून गेल्या आणि एक कुटुंब आलं. मुलगा चिडला की खिडकी आपटी, बाप चिडला की खिडकी आपटी. ती माणसं एकमेकांशी कमी आणि माझ्यामार्फत जास्त बोलत. माझी रबरं सुकली, बिजागरी वाकली. मग एक दिवस हुकूम सुटला, "ही काढून टाका." आणि काढायला कोण यावं? तोच फिटर. त्याने मला उपटलं, मागेपुढे न पाहता टेंपोत फेकलं आणि जुन्या चौकटींच्या कोठारात आणलं.

तिथे चौकटींची काच काढतात, रबर सोलतात, आतलं लोखंड ओढून काढतात. मग यंत्राची पाती चुरा करतात आणि तो चुरा वितळवून पुन्हा नव्या चौकटी होतात. ज्या मालात भलतंसलतं निघेल तो मात्र खड्ड्यात पुरतात. मला पात्यांची भीती नव्हती, खड्ड्याची होती. आम्ही मातीत विरत नाही. तिथे जगणं नाही आणि संपणंही नाही.

फाटकाशी माल तपासत होती फिटरची सख्खी वहिनी. ती प्रत्येक चौकट बोटांच्या पेरांनी वाजवून बघे. सहा वर्षांपूर्वी फिटरनेच आणलेल्या एका चौकटीत सिमेंट होतं. पात्याखालून खडा उडाला आणि यंत्रावर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याचा, म्हणजे फिटरच्या थोरल्या भावाचा, उजवा डोळा गेला. "मी फक्त जुना माल आणतो, भरणारा कुणी दुसराच," असं फिटरने शपथेवर सांगितलं होतं. तेव्हापासून वहिनी त्याच्याशी बोलत नव्हती. बोलायची ते चौकटींशी.

बाकीच्या टणटण वाजल्या. मी ठस्स वाजले.

"काय गं," ती मला म्हणाली, "काय खाऊन आलीस?"

"वहिनी, लवकर आटपा. मला पुढे जायचंय," फिटर म्हणाला.

"सांग याला, पोट भरलेला माल आत येत नाही. सगळी खेप खड्ड्यात जाईल."

"एका चौकटीपायी?"

"एका डोळ्यापायी."

फिटर चिडला. "बसवणाऱ्याने भरलं, त्याला मी काय करू? असल्या माणसाचे हात..."

तेवढ्यात वहिनीने मला उलटं केलं. एकोणीस वर्षं भिंतीला टेकलेली माझी बाजू उजेडात आली.

"भाऊजी," सहा वर्षांत पहिल्यांदा ती त्याला म्हणाली, "हे 'वर' कुणी लिहिलंय?"

थोरला भाऊ यंत्रावरून हात पुसत आला आणि एक डोळा जवळ आणून वाकला. "हे शेपूट आपल्याच घरातलं," तो म्हणाला. "यासाठी शाळेत छड्या खायचास."

"भोक चुकलं होतं, दादा."

"किती चौकटींत?"

"आठवत नाही."

कुणी आवाज चढवला नाही. वहिनीने छिन्नी-हातोडी आणून त्याच्यापुढे टाकली. "काढा सगळं. एकेक वाजवून बघा." मग खिशातला जाड चष्मा त्याच्या अंगावर फेकला. "आणि हा डोळ्यांवर लावा. मी तुमच्यासारखी नाही."

तो संध्याकाळपर्यंत ठोकत बसला. कुणी पाणीही विचारलं नाही. खेपेत शेपटीवाल्या आणखी दोन सापडल्या. शेवटी थोरल्याने मला वाजवलं, "आता बोलतेय" म्हणाला आणि पात्यांकडे ढकललं. दुखलं का, ते विचारू नका. दुखलं. कोठारातून निघेपर्यंत वहिनी फिटरशी पुन्हा बोलल्याचं मी ऐकलं नाही आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

चुरा झाले, वितळले आणि आता मी तुमच्या वर्गाच्या दाराची चौकट आहे. वरून नव्या प्लॅस्टिकची पांढरी साल, आत जुनी मी. बसवायला तोच फिटर आला होता. भिंत ठिसूळ निघाली, स्क्रू आखूड पडला, धरेना. कोपऱ्यात सिमेंटची अर्धी गोणी पडली होती आणि वर्गात कुणी नव्हतं. त्याने गोणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग जिने उतरून गेला आणि बऱ्याच वेळाने लांब स्क्रू घेऊन आला. शेवटचा पिळल्यावर त्याने मला पेरांनी वाजवलं आणि कान लावला.

मित्रांनो, उद्या तुम्ही हे दार आपटाल, मला ठाऊक आहे. आपटा. पण मला काढाल त्या दिवशी आधी वाजवून बघा आणि माझ्या पोटात जे माझं नाही ते काढून टाका. पुढे यंत्रापाशी कुणाचा तरी दादा उभा असतो.