डॉक्टरांची जिलबी

उत्तम साळगावकरांनी आयुष्यात कधी पट्टीला हात लावला नाही. लग्नपत्रिकेवरचा गणपती ते एका रेघेत काढत. पेन कानापाशी टेकलं की सोंडेच्या टोकापर्यंत उचलायचं नाही. केबिन रोडच्या छापखान्यात चाळीस वर्षं त्यांचेच गणपती छापले गेले. ट्रेस करून काढणाऱ्यांना ते चित्रकार म्हणत नसत; काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग तो हात थरथरू लागला. मीरा रोडच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला, गोळ्या दिल्या आणि एक गृहपाठ दिला. दर पंधरा दिवसांनी कागदावर मधून बाहेर गोल गोल वाढत जाणारी रेघ काढायची आणि तिचा फोटो पाठवायचा. रेघ किती हलते यावरून गोळी कमीजास्त करता येते. उत्तमराव तिला ‘डॉक्टरांची जिलबी’ म्हणायचे. पहिली जिलबी पाहून त्यांची बायको हंसा स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

छापखान्याने गणपती घेणं बंद केलं, तसे उत्तमराव गप्प झाले. गोडदेवच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी बसून समोरच्या बिल्डिंगचे पाइप बघत राहायचे. जेवायला दोनदा हाक मारावी लागे. हे मुलीला, क्षितिजाला, बघवेना. तिने पेनासकट एक जुना टॅब आणला आणि चित्रं काढायचं सॉफ्टवेअर शोधायला बसली.

आठवडाभर ऑफिसातून आल्यावर तेच. पहिल्या सॉफ्टवेअरचं दरवर्षी भाडं. दुसरं फुकट, पण त्यात इतकी बटणं की बाबांनी टॅबच खिडकीबाहेर टाकला असता. तिसऱ्यात ब्रशच्या सेटिंगमध्ये एक सरकता पट्टा होता, शून्य ते शंभर. तो सरकवला की कापरी रेघही सरळ होऊन उमटायची. क्षितिजाने स्वतः मुद्दाम हात हलवून पाहिला. रेघ जराही डगमगली नाही. तिने तेच घेतलं, पट्टा चाळीसवर ठेवला आणि सेटिंगची ती खिडकी बाबांना दिसणार नाही अशी बंद करून टाकली.

“बाबा, याचा ब्रश जरा बरा आहे,” एवढंच म्हणाली.

खरं सांगितलं असतं तर त्यांनी टॅबला हात लावला नसता, हे तिला माहीत होतं. ती खोटं बोलली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही, कारण अर्ध्या तासाने बाबांनी एका रेघेत गणपती काढला होता आणि ते लहान मुलासारखे ओरडत होते, “अगं हंसा, इकडे ये! गेला नाही गं हात माझा!”

घरात पुन्हा माणसं राहतात असं वाटू लागलं. छापखान्यातून पुन्हा गणपतीसाठी फोन आला. कागद-पेन कपाटात गेले आणि जिलबीही टॅबवरच निघू लागली. ती पाठवायचं काम क्षितिजाचं. तिने पाठवली. पुढचीही पाठवली. डॉक्टरांनी लिहिलं, ‘खूपच स्टेडी! छान.’ बाबांना गोळीने मळमळतं, चक्कर येते, असं तिने कळवलं तेव्हा ते म्हणाले, हात इतका चांगला आहे तर डोस अर्धा करून बघू. एवढं सगळं नीट चाललंय तर दवाखान्यात कशाला न्यायचं, म्हणून सहा महिने कोणी नेलंही नाही.

तिला कळत नव्हतं का? दर महिन्याला तो पट्टा तीच पुढे सरकवत होती. चाळीसचे साठ झाले, साठचे नव्वद. बाबांच्या हातातला चहा बशीत सांडत होता. जिलबी पाठवताना ती स्वतःला समजावायची, अगदीच खोटी नाही, काढली तर बाबांनीच आहे. तिला त्या जिलबीवर विश्वास ठेवायचा होता. डॉक्टरांपेक्षाही जास्त.

एका सकाळी उत्तमराव बाथरूममध्ये पडले. वळताना पाय उचललाच गेला नाही. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशननंतर डॉक्टर बघायला आले. चादरीवरचा हात पाहून त्यांनी क्षितिजाला बाहेर बोलावलं.

“या हाताने ती रेघ काढली? कशावर काढली?”

तिने सगळं सांगितलं. डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं.

“डोस कमी केला नसता तर पडले नसते, असं मी छातीठोक सांगू शकत नाही,” ते म्हणाले. “पण सहा महिने मी दुसऱ्याच कुठल्यातरी हाताला औषध देत होतो. मीही प्रत्यक्ष बोलवायला हवं होतं. आता खरी रेघ पाठवा.”

घरी आल्यावर तिने कागद पुढे केला. उत्तमरावांनी तो ढकलला.

“कागदावर माझा हात नाही चालत. टॅब दे.”

क्षितिजा टॅब घेऊन पॅसेजमध्ये गेली. सेटिंगची बंद खिडकी उघडली. पट्टा अठ्ठ्याण्णववर होता. तो तिने शून्यावर आणला आणि टॅब बाबांच्या छातीशी उशीवर टेकवून धरला.

त्यांनी मधोमध पेन टेकलं. रेघ निघाली ती तुटत, कापत, स्वतःलाच ओलांडत गेली आणि दुसऱ्या वेढ्यातच काठाबाहेर पडली. हंसाने तोंड फिरवलं. उत्तमराव त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

“क्षिती, हे सॉफ्टवेअर बिघडलं बघ,” ते म्हणाले. “दुसरं बघ ना एखादं.”

तिने ती रेघ डॉक्टरांना पाठवली. मग पलंगाच्या कडेला, त्यांच्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, “हो बाबा. बघते.”