माझ्या पाठीचा फाळका

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. कारखान्यात नव्हे, रहिमतपुरात धनाजींच्या अंगणात जन्मलेला. तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे, पण आधीच कबूल करतो, तिच्यात मी फारसा शहाण्यासारखा वागलेलो नाही.

धनाजी सैन्यात ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि भंगारातून दुसऱ्या जीपचा एक्सल आणला. त्यावर लोखंडी चौकट, चौकटीवर बाभळीच्या फळ्या, पुढे जीपला अडकवायची लांब दांडी. झालो मी तयार. माझ्या मागच्या फळीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवले, 'धनाजी हळद पॉलिश'. ती फळी माझा मानबिंदू होती.

शिजवून वाळवलेली हळद जाळीच्या मोठ्या लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवली की तिची साल निघते आणि झळाळी येते. तो ड्रम माझ्यावर घालून धनाजी उन्हाळाभर या शेतातून त्या शेतात फिरत. कधी कुणाची पोती घेऊन आम्ही सांगलीच्या पेठेतही जायचो. तिथे ट्रकांच्या रांगेत उभे राहताना माझी छाती फुगायची. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मला पताका लावत. आणखी काय हवे?

ड्रम चढवायला सहा गडी लागत. मी पडलो कमरेएवढा उंच. गडी ड्रमला हात घालत, दम धरत आणि एका झटक्यात उचलत. आपल्याला भरायला सहा जण लागतात, याचा मला केवढा अभिमान. हत्तीवरून मिरवणाऱ्यालाही इतका नसेल.

चौऱ्याण्णव सालच्या हंगामात एका गड्याचा हात निसटला आणि सगळा भार धनाजींच्या कमरेवर आला. डॉक्टरांनी सांगितले, जीप चालवा, पण आता वजन उचलायचे नाही. उरलेले गडी हळूहळू दुसरीकडे गेले. गावातल्या मानसिंगकडे ट्रॅक्टर होता. तो येऊन म्हणाला की ड्रम मला द्या, नुसता गंजवून काय करणार. धनाजी नुसते ड्रमवरून हात फिरवत राहिले. ड्रम गेला की धंदाच गेला, हे मलाही कळत होते.

तेव्हा मुक्ताबाई बोलल्या. मुक्ताबाई म्हणजे धनाजींची बायको. त्या बराच वेळ ड्रमकडे बघत बसल्या होत्या.

"आवं, एक इचारू? ड्रम गोल हाय न्हवं?"

"व्हय. मग?"

"मग उचलताय कशापायी? ढकलायचा की."

इतकी वर्षे सहा गडी एक गोल वस्तू उचलत होते! धनाजी आधी रागावले, मग हसले आणि हसताना कमर धरून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी करवत काढली. मित्रांनो, ती करवत माझ्याच मागच्या फळीवर चालली. तिच्या फळकुटांना लोखंडी पट्ट्या मारून त्यांनी एक लांबरुंद फाळका केला आणि माझ्या पाठीला बिजागऱ्यांनी जोडला. खाली सोडला की तो उतरण व्हायचा, वर केला की माझे दार. माझ्या पुढच्या अंगाला पडक्या विहिरीवरची कप्पी बसवली. दोर ओढायचा, की ड्रम फाळक्यावरून घरंगळत वर. मुक्ताबाई, त्यांची लेक नीलिमा आणि कामावरची मनुबाई, तीन बायका पुरेशा झाल्या.

आणि फाळक्याचे नशीब उघडले. धनाजींनी त्याला निळा रंग दिला. माझ्या वाट्याला उरलेल्या रंगात चाकांवरचे पत्रे तेवढे आले. फाळक्यावर नवे नाव पडले, 'मुक्ताबाई हळद पॉलिश'. जो तो येऊन फाळका बघायचा, खाली सोडायचा, वर करायचा आणि मुक्ताबाईंच्या डोक्याची तारीफ करायचा. मिरवणुकीत म्हाताऱ्या बाया त्याच्यावरून तुरुतुरु चालत माझ्यावर येऊन बसल्या. "लय सोय झाली बया," असे म्हणाल्या, त्याला. चाके माझी, फळ्या माझ्या, ओझे माझ्या पाठीवर आणि कौतुक त्या शेपटाचे! माझ्या आत हेवा नुसता खदखदत होता. एकदा तरी याची फजिती व्हावी, असे मी रोज मनात म्हणायचो.

तो दिवस गावातल्या कोंडीबांच्या शेतात आला. काम संपले होते. धनाजी माझ्यापासून जीप सोडवून ती घेऊन डिझेल आणायला गेले. ते येईपर्यंत ड्रम चढवून ठेवू, असे मायलेकींनी ठरवले. नीलिमा पुढे, जोर यावा म्हणून एक पाय माझ्या दांडीवर रोवून दोर ओढत होती. मागे मुक्ताबाई आणि मनुबाई ड्रम मागे घरंगळू नये म्हणून त्याला दगडांची उटी लावत होत्या. ड्रम फाळका चढून माझ्या मागच्या कडेवर आला.

मित्रांनो, मला दोनच चाके. पुढून जीपने धरलेले असते, म्हणून मी उभा असतो. त्या दिवशी जीप नव्हती. माझी पाठ खाली बसू लागली, दांडी वर उठू लागली आणि, खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. आता म्हणतील, फाळक्याने घात केला.

मग दांडीने नीलिमाला उडवलेले मला दिसले. ती बांधावर हातावर आदळली. ड्रम मागे घसरला. त्याच्या मागे मुक्ताबाई उभ्या होत्या. फाळका मधोमध वाकला, कळवळला, पण मोडला नाही. ड्रम आमच्या दोघांच्या बेचक्यात अडकून राहिला आणि मुक्ताबाई वाचल्या. मी दांडी आभाळाकडे करून तसाच बसलो होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नीलिमाचे मनगट मोडले होते. संध्याकाळी मानसिंग पुन्हा दारात आला. म्हणाला, बायकांचे काम नव्हे हे, आता तरी ड्रम द्या. धनाजी मात्र माझ्याजवळ वाकून बघत होते.

"फाळक्याची काय चूक न्हाई," ते म्हणाले. "ट्रेलर एकटा हुबाच ऱ्हात न्हाई. ही माझी चूक."

मुक्ताबाईंनी मानसिंगला पाणी दिले आणि शांतपणे सांगितले, "ड्रम इकायचा न्हाई. टेकू लावायचा ऱ्हायला हुता, त्यो आमी लावतो."

माझ्या पाठीखाली दोन लोखंडी टेकू आले. फाळका ठोकून सरळ केला. नीलिमाचे मनगट बरे झाले आणि पुढची पाच वर्षे बायकांनी तो धंदा चालवला. मी ओझे वाहत राहिलो.

पुढे इंजिनवर फिरणारे मोठे ड्रम आले आणि आमचे काम थांबले. मी पत्र्याच्या छपराखाली उभा राहिलो. धनाजींचे पाय थकले. घराच्या तीन पायऱ्या त्यांना उतरवेनात, दिवसदिवस ते घरात बसून असायचे. एके दिवशी मुक्ताबाईंनी बिजागऱ्यांच्या खिळी काढल्या, फाळका नेला आणि पायऱ्यांवर टाकला. बघा, म्हातारपणीही मान त्यालाच! मी मनात पुरता जळलो.

पण त्या संध्याकाळी धनाजी काठी टेकत त्या फाळक्यावरून खाली आले. कुठे गेले असतील? थेट माझ्याकडे आले. माझ्या कडेवर टेकले आणि खिशातून तेलाची बाटली काढून माझ्या रिकाम्या बिजागऱ्यांत दोन-दोन थेंब सोडले.

"गंजू नगंस गड्या," ते म्हणाले.

ते आता रोज येतात. मित्रांनो, तुमच्या घरीही असे कुणी जुने उभे असेल, तर त्यालाही दोन थेंब तेल द्या. आणि एवढे झाल्यावर माझ्या अंगणात आलात, तर आधी त्या फाळक्यावर साचलेले पाणी पुसा. मला त्याचा हेवा अजून वाटतो. पण तो घसरडा झाला, तर धनाजी माझ्यापर्यंत यायचे कसे?