भिंतीची जाडी

चर्चच्या दारातून मी आत गेले तेव्हा भिंत दोन पावलं जाड होती. स्वतःशी पुटपुटत बाकावर बसेपर्यंत ती नऊ पावलं झाली. दगड आवाज न करता वाढत होते, इडलीचं पीठ फुगावं तसे. मी ते पाहत होते आणि मला उठता येत नव्हतं.

हे बाहेरच होते. माझे यजमान वसंत देवस्थळी, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. फ्रान्समधल्या या खेड्यातलं नऊशे वर्षांचं चर्च बघायचं हा हट्ट त्यांचाच. बसमध्ये त्यांनी मला समजावलं होतं, की वरची दगडी अर्धगोल कमान भिंतींना बाहेर रेटते, म्हणून भिंती इतक्या जाड आणि खिडक्या फटीएवढ्या. आता ते दाराशी कोरलेल्या सिंहाचे फोटो घेत होते.

शेजारी चर्च सांभाळणारी म्हातारी मोजा विणत होती. ती हलक्या आवाजात माझ्याशी मराठीत बोलली.

"बोलू नका. इथे कुणी बोललं की भिंत वाढते."

तेवढ्यानंही मागची भिंत पुढे आली. म्हातारीनं बाक जरा सरकवून घेतला आणि पुढचा टाका घातला.

मग बाहेरून यांची हाक आली. "अगं, ये ना, हा सिंह बघ."

दाराचं भुयार झालं. मी कशीबशी उठले आणि धावत सुटले. धावताना ओठांवर बोट ठेवून खूण करत होते, पण अंधारात त्यांना ती दिसली नसावी. त्यांनी पुन्हा हाक मारली, आणि मी जेवढं पळाले होते त्याच्या दुप्पट वाट समोर वाढली. गप्प बसा म्हणून सांगायचं, तर मलाच बोलावं लागणार होतं. दगड आता दोन्ही खांद्यांना लागत होते. ते अंगासारखे कोमट होते.

पलीकडच्या टोकाला हे वाकून आत बघत होते. कॅमेरा त्यांनी खाली टाकला होता.

"कुमुद," ते म्हणाले.

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. या माणसानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, तरी ओ निघालीच.

दार तांदळाच्या कणीएवढं झालं. त्यात हे अजून हात हलवत होते.