वाळूतलं गाजर

माझ्या लेकाला, राजेंद्रला, दारापुढच्या मातीचं लई वावडं. वाळूजच्या कंपनीतून आला की बूट झटकत म्हणायचा, "आई, इथं सिमेंट टाकून घेऊ. गाडी तरी लावता येईल." गाडीचा अजून पत्ता नव्हता, पण तिला जागा आधी पाहिजे!

कन्नड सोडून मी पडेगावला त्याच्याकडं राहायला आले, तवापासून या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच एक जागा. मी म्हणलं, "टाक सिमेंट. अन् त्याच दिवशी मला कन्नडच्या एसटीत बसवून दे." तो हसला. मी काय हसले नाय. शेवटी आमचं ठरलं. भोगीच्या भाजीला दारचं गाजर निघालं तर माती राहील, नाय निघालं तर संक्रांत झाली की मिस्त्री येणार.

आता गाजर तेवढं मी जन्मात लावलं नव्हतं. पण कांदा लावण्यात हयात गेली ना! गाजराचं काय एवढं कौतुक? दसरा झाल्यावर नातवंडांना घेऊन बसले, थोरली संस्कृती अन् धाकटा शिवम. बी राखेत कालवलं, कोपऱ्यात दाट टाकलं. रोप बोटभर झालं तसं उपटलं अन् वाफ्यात ओळीनं लावलं. कांद्याचं आम्ही असंच करतो.

संस्कृतीच्या तोंडाला कुलूप म्हणून नाय. "आजी, ते झोपलं होतं. त्याला उठवून दुसरीकडं का नेलं?"

"गप बस, शहाणे," म्या म्हणलं.

तिला राग आला. पुडीत राहिलेलं चिमूटभर बी तिनं नेलं अन् भिंतीकडच्या वाळूत टाकलं. घर बांधताना उरलेली ती वाळू, पोरं त्यात खेळायची. मी खेकसले, "वाळूत काय उगवतंय, डोंबल!" पण पोरगी हट्टी. शाळेतून आली की बाटलीतलं उरलेलं पाणी तिथंच ओतायची.

माझ्या वाफ्यातला पाला असा तरारला की विचारू नका. शिवम येताजाता त्याच्यावरून हात फिरवायचा. शेजारची गोजरबाई भिंतीवरून वाकून म्हणायची, "द्वारकाबाई, नजर लागंल हो!" मी तर लेकाला काय काय सुनवायचं, तेसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं.

भोगीच्या सकाळी राजेंद्र रातपाळी करून आला. कंपनीचा शर्टही काढला नाय. "चला, उपटा," म्हणाला.

पहिलं उपटलं. बोटाएवढं, अन् त्याला दोन पाय. दुसऱ्याला तीन. तिसरं तर मांडी घालून बसलेलं! सगळी ओळ तसलीच, वाकडीतिकडी. तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. रोप उपटून लावताना मूळ दुमडलं होतं. कांद्याला ते चालतं, गाजराला चालत नाय.

"आई, याला गाजर म्हणायचं?" राजेंद्र हसू दाबत म्हणाला.

मी वाफ्यातच बसून राहिले. शिवमनं मात्र ते दोन पायांचं गाजर तळहातावर उभं धरलं. डोळे हे एवढे मोठे. "आजी, हे मातीतून चालत कुठं निघालं होतं?"

मी बाकीची वाकडी गाजरं पदरात गोळा करायला लागले.

"पप्पा, माझं राहिलंय," संस्कृती म्हणाली अन् बापाला बोटाला धरून वाळूकडं घेऊन गेली. सगळ्या बियांतून एकच झाड जगलं होतं. राजेंद्रनं दोन बोटांनी ओढलं, येईना. मग उकिडवा बसला अन् हातानं वाळू उकरायला लागला. लालभडक डोकं दिसलं. मनगट आत गेलं तरी गाजर खाली होतंच. कोपराजवळ वाळू आली तरी होतंच! पोरं पार वाकून बघायला लागली. मीसुद्धा.

निघालं एकदाचं. सरळ, लाल, नितळ, अन् टोकाला दोऱ्याएवढं मूळ, तेही न तुटलेलं. "अगं बाई!" भिंतीपलीकडून गोजरबाई ओरडली. नुसती वाळू अन् बाटलीतलं उष्टं पाणी, त्यातून हे! सारा जन्म मातीत गेला माझा, तरी आपसूक हात जुळले.

राजेंद्रनं गाजर संस्कृतीकडं दिलं अन् परत त्या भोकात हात घातला. तळाची माती मुठीत धरली.

"आई, खाली ओल आहे गं अजून. गार लागतंय."

"व्हय," मी म्हणलं. "असतीच."

वाकडी गाजरं मी चिरून भाजीत घातली. चवीला थोडेच पाय असतात! शिवमनं मात्र त्याचं ते चालणारं कुणाला चिरू दिलं नाय. मी भाकरी थापत होते, तवा राजेंद्रचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं.

"नाही मिस्त्री, दुसऱ्याला नाही दिलं काम. येऊच नका. जागा रिकामी नाही आमची."