लाल कपड्यातली पोरं

“खेचर थांबव, हम्मू! थांबव म्हणते ना!”

अक्रोडाच्या झाडांखाली पोरं. दोन. पाच. नऊ! सगळी लालेलाल. कुणाची टोपी, कुणाच्या गळ्यात आईच्या ओढणीचा तुकडा, एकाच्या अंगावर तर अख्खं घोंगडं.

रकीयाने पोरं पुन्हा मोजली. ॲटलास पर्वताच्या या खोऱ्यात गोवर झालेल्या पोराला लाल घालतात, पुरळ लवकर बाहेर पडावी म्हणून. सव्वीस वर्षं इथे नर्स होती ती. लाल म्हणजे उशीर.

“गेलं सगळं,” खेचरवाला हम्मू म्हणाला. “मोहाच्या आधीच कुणीतरी गोवर आणलेला दिसतोय. चला परत, रकीयाबाई. लसीच्या पेटीतला बर्फही पाणी व्हायला लागलाय.”

मोहा. गावचाच माणूस. तीन दिवसांपूर्वी मावळतीला तो माराकेश शहरातून आला होता, पुरळ घेऊनच. गावात एकाही पोराला अजून लस नाही. संपर्क आल्यापासून तीन दिवसांत टोचलं तर गोवर बहुतेक वेळा अडतो. म्हणजे आज मावळतीपर्यंत.

तिने सर्वांत जवळची पोरगी धरली. डोळे? स्वच्छ. कपाळ? गार. कानामागे? काही नाही.

“नाव काय गं तुझं?”

“इत्तो.”

“गोवर झालाय तुला?”

“छे! तामूआजीने घातलंय हे. गोवर दारात आला की त्याला वाटायला हवं, अरे, इथे तर मी येऊन गेलो!”

रकीया हसत सुटली. भर वाटेत, मोठ्याने.

“हम्मू! पेटी उतरव! अरे बघतोस काय, पेटी!”

*

कुपीत पाणी. पूड विरघळली. दहा जणांपुरती लस.

“बाजूला हो!” तामूआजी काठी टेकत मध्ये उभी. काखेत दहा महिन्यांची पणती. “बाह्या वर करशील, तर रोगाला कळेल की ही कोरीच आहेत.”

“आजी, लाल काढत नाही मी. दंडापुरतं वर सरकवते. टचकन टोचायचं, झरकन झाकायचं. त्याला दिसणार काय?”

“एवढ्या घाईत जमतं तुला?”

“माझी घाई बघितली नाहीस तू अजून!”

हम्मू फिसकन हसला. आजी नाही हसली. मग बाजूला झाली.

*

इत्तो. टचकन. घोंगड्यातला पळाला, हम्मूने ओढ्यात उतरून धरला, ओलाच आणला. टचकन. एकाने शिवी दिली, आजीने त्याला टपली दिली, रकीयाने सुई. सहा! ऊन भिंतीवर चढलं. सात. आठ. नववा स्वतःच दंड पुढे करून, डोळे घट्ट मिटून. उरली पणती.

आजीने तिला छातीशी धरलं आणि मान वळवली.

टचकन.

“दहा!” रकीया ओरडली. सूर्य अजून डोंगराच्या बोटभर वर होता.

*

पोरं रडत, हसत पांगली. आजी तिथेच.

“बघू ती बाटली.”

रकीयाने रिकामी कुपी तिच्या हातात दिली. आजीने ती उजेडात धरली. बोटाच्या पेराएवढी.

“यात दहांचं मावलं?”

“हो.”

“मला तिघांपुरतंच हवं होतं,” आजी म्हणाली. “तीन पोरं गेली माझी गोवरात, एका आठवड्यात.”

तिने कुपी रकीयाच्या तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटली.