फॉस्फेट उतरवल्यावर

अँटिबॉडीची ती नळी आमच्या प्रयोगशाळेत घराण्यातल्या दागिन्यासारखी चालत आली. अक्काने प्रबंध संपवून जाताना दादाला दिली, दादाने मला. दोघंही माझ्याआधीचे विद्यार्थी. आता दोन वेगळ्या ठिकाणी प्राध्यापक.

नळीचं काम सोपं. यकृताच्या पेशीत चरबी बनवणारं एक एन्झाइम असतं. त्याला फॉस्फेट चिकटलं की ते बंद पडतं. आमची अँटिबॉडी फक्त हे बंद पडलेलं एन्झाइम ओळखते आणि फिल्मवर काळा पट्टा उमटतो. आम्ही तपासत असलेल्या औषधाने पट्टा गडद होतो. म्हणजे औषध चरबीचा कारखाना बंद करतं. या एका ‘म्हणजे’वर तीन प्रबंध उभे होते. तिसरा माझा, सहा वर्षांचा, परीक्षकांच्या सहीसाठी अडलेला.

परीक्षकांनी एकच ओळ लिहिली होती: ‘नमुन्यातलं फॉस्फेट काढल्यावर पट्टा जातो का, ते दाखवा.’

ही तर पहिल्या दिवशी करायची तपासणी. अक्काला फोन लावला.

“अक्का, फॉस्फेट काढलेली ती फिल्म पाठव ना.”

“माझ्याकडे कुठली? ती दादाने केली असणार.”

दादा म्हणाला, “वेडा का? अक्काने केली असेल म्हणून मी नाही केली. तू?”

“तुम्ही दोघांनी केली असेल म्हणून मी नाही केली.”

“शाब्बास. म्हणजे एक काम तिघांनी मिळून केलं नाही.”

मग मी केलं. फॉस्फेट काढलं, फिल्म धुतली. पट्टा होता तिथेच, तितकाच काळा. वाटलं फॉस्फेट निघालंच नसेल. फक्त फॉस्फेटला लागणाऱ्या रंगाने तपासलं, तर स्वच्छ निघालेलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. पट्टा मुक्कामी आलेल्या जावयासारखा हलायला तयार नाही.

अँटिबॉडीला फॉस्फेटशी काही देणंघेणंच नव्हतं. चालू असो की बंद, दिसेल त्या एन्झाइमला ती ओळख देत होती. पट्टा गडद म्हणजे एन्झाइम जास्त. औषधाने ते बंद पडत नव्हतं, वाढत होतं. सोळा वर्षं आम्ही चरबी कमी करायला चरबीचे कारखाने बांधत होतो.

अक्काला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

“कुणाला दाखवलंस?”

“अजून नाही.”

“नको दाखवू, राजा.” ती मला एरवी गाढव म्हणते. “माझी नोकरी त्या पेपरवर लागलीय रे.” मग हळूच म्हणाली, “मी करणारच होते. त्या आठवड्यात फ्रीज बंद पडला. मग राहूनच गेलं.”

फ्रीज नंतर दुरुस्त झाला का, असं विचारलं. तिने फोन ठेवला.

आमच्या तिघांचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मग उलटी केली.

“उलट्या बाजूनेही तेच आहे, सर.”

“मी निवृत्त झाल्यावर लिहिलंस तर?”

“कधी होणार?”

“चार वर्षांनी.”

मी फिल्मसाठी हात पुढे केला. त्यांनी फिल्म परत दिली. “लिही,” म्हणाले, आणि खुर्ची भिंतीकडे वळवली.

परीक्षकांना लिहिलं: ‘पट्टा जात नाही. प्रबंध मागे घेतो.’ पाठवलं.

मग प्रबंधाची फाइल उघडली आणि अजून खरं असलेलं वाक्य शोधत बसलो. चाळिसाव्या पानावर एक मिळालं: ‘पेशी सदतीस अंशांवर वाढवल्या.’