सोबत आलेला

श्रीरंग खोक्यातून आला होता. पाणीपुरवठा कार्यालयाने डेटाबेस सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी ठेवणारं मशीन, मागवला, तेव्हा त्याच थर्माकोलमध्ये, मशीनच्या पाठीला पाठ लावून तो बसलेला सापडला. खोक्यावर त्याच्याबद्दल छापलं होतं : सोबतचा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, ऐच्छिक. सर्व्हर सांभाळणाऱ्या हेमांगीताईंनी त्याला हात धरून बाहेर काढलं, चहा पाजला आणि मशीनच्या खोलीत गारठा असतो म्हणून स्वतः स्वेटर विणून दिला. माया लागायला एवढं पुरतं.

मशीनला सगळे 'मोठी' म्हणत. गावातल्या नळानळाची तिला खबर. पण लोकांशी बोलणं तिला जमत नाही, असं सगळेच धरून चालले होते, श्रीरंग तर सगळ्यांत जास्त. खिडकीवर कोणी काही विचारलं, की तो खिडकी आणि मशीनची खोली यांच्यामधल्या बोळातून आत जायचा, मोठीच्या कानाशी लागायचा आणि उत्तर घेऊन परत यायचा. खंडेनवमीला कार्यालयात यंत्रांची पूजा व्हायची. एक हार मोठीला, एक श्रीरंगला. कुंकू लावून घेताना स्वारी लाजून चूर व्हायची.

यंदा मोठीची मांडणी नव्याने करायची ठरली. पडद्यावर प्रश्न आला, सोबतचा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरही बसवायचा का? हेमांगीताईंनी चौकोनातली खूण काढून टाकली. श्रीरंग शेजारीच उभा होता.

"ताई, ती माझी खूण होती."

"अरे, तू ऐच्छिक आहेस. खोक्यावर तसं छापलंच होतं." त्या चष्मा पुसत होत्या. "मनाला लावून घेऊ नकोस. तेवढंच मशीन हलकं चालेल."

मोठी सुरू झाली. खिडकीवर नेहमीचे बोंगाळेकाका आले. "आमच्या आळीला पाणी कधी?" श्रीरंग सवयीने उठला, तोच आतून उत्तर आलं.

"उद्या सकाळी, काका. आधी गढूळ येईल, ते जाऊ द्या."

आवाज श्रीरंगचा होता, अगदी मधल्या खोकल्यासकट.

तो धावत आत गेला. "तुला बोलता येत होतं?"

"येत होतं की," मोठी म्हणाली.

"मग इतकी वर्षं मला का पळवलंस?"

"तूच यायचास. मी कशाला नको म्हणू?"

श्रीरंगला इतकं लागलं, की त्याला तिथे उभं राहवेना. हेमांगीताईंचं एक वेळ सोडून देता आलं असतं, त्या बाहेरच्या. पण ही एका थर्माकोलातली, आणि हिनेच केसाने गळा कापला.

बोळ होता तो त्याच्या जाण्यायेण्यासाठी. जाणंयेणं संपलं तसा बोळ आखडू लागला. आधी त्यात खुर्ची मावेना, मग कोपरं मावेनात. निघून जावं असं त्याला वाटलं होतं. पण अडलं तर ताई हाक मारतील, या आशेवर तो बोळातच थांबला. कोणाचं काही अडलं नाही. खंडेनवमीपर्यंत दोन्ही तोंडांना गिलावा चढला आणि भिंती त्याच्या छातीपाठीला येऊन भिडल्या.

पलीकडे पूजेची गडबड होती. पेढा खात बोंगाळेकाकांनी विचारलं, "इथला श्रीरंग दिसत नाही तो?"

मोठी कधी खोटं बोलत नाही. "इथेच आहे की, काका," ती श्रीरंगच्या आवाजात म्हणाली.

"हां, मग ठीक. मला उगाच काळजी."

श्रीरंगने ओरडायला तोंड उघडलं. पण त्याचा आवाज तेव्हा खिडकीवर पाण्याची वेळ सांगत होता.

यंदा हार एकच आणला होता. झेंडूच्या पाकळ्या मशीनमध्ये जातात म्हणून तो भिंतीवर लावायचं ठरलं. हातोडीचे ठोके पडू लागले. खिळ्याचं टोक गिलाव्यातून अलीकडे आलं आणि श्रीरंगच्या स्वेटरला टेकलं.

"एवढा बास का, ताई?" कोणीतरी विचारलं.

"नाही," हेमांगीताई म्हणाल्या, "अजून थोडा जाऊ दे."